पेन्सिलीने वाचणारे काका

सातपूर कॉलनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी उभ्या आयुष्यात एकही छापील कागद नुसता वाचून सोडला नाही. कारखान्याच्या स्टोअरमध्ये ते कारकून होते. तिथले नटबोल्ट जसे आपापल्या खणात, तसे त्यांना कागदावरचे मुद्देही आपापल्या जागी लागत. वर्तमानपत्र असो, कुकरबरोबर आलेली माहितीपुस्तिका असो, की खोकल्याच्या बाटलीभोवतीचं पत्रक, सगळ्यांच्या समासात त्यांची पेन्सिल फिरायची: इथे कारण, इथे परिणाम, इथे क्रम, इथे उगाच. निफाडच्या एका लग्नाची पत्रिका तर त्यांनी तपासून यजमानांनाच परत दिली. "अहो, मुख्य मुद्दा तळाशी दडवलाय. जेवण किती वाजता, ते वर घ्या!" काकू त्या लग्नात मान खाली घालून जेवल्या.

मी बारावीला इतिहासात नापास झाले, तेव्हा घरात माझ्या नावाने शंख चालला होता. "हिच्या डोक्यात काही शिरतच नाही. ऑक्टोबरला पुन्हा गचकली तर शिक्षण बंद," बाबा म्हणाले. मला तर ते पटलंही होतं. मी धडे घोकायचे आणि पहिली ओळ विसरली की अख्खा धडा हातचा जायचा. काकांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलं असणार. दुसऱ्याच दिवशी ते पेन्सिल घेऊन हजर. "घोकू नकोस, नंदा. आधी बघ, हा लिहिणारा करतोय काय? घडलं ते ओळीने सांगतोय, की का घडलं ते सांगतोय? की दोन गोष्टी शेजारी ठेवून दाखवतोय?" ऑक्टोबरपर्यंत रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर हेच चाले. मी चुकले तरी ते कधी चिडले नाहीत. "परत वाच. मुद्दा कुठे पळून जात नाही," एवढंच म्हणायचे. मी पास झाले, डीएड केलं, आणि आज शाळेत मुलांना तेच शिकवते.

काका गेले त्या आठवड्यात काकूंनी मला मुद्दाम बोलावून घेतलं आणि हातात एक पाकीट ठेवलं. वर लिहिलं होतं, 'माझ्यानंतर'. आत शीर्षकं, पोटशीर्षकं, आकडे: कपाटाची किल्ली कुठे, गॅसचा नंबर कसा लावायचा, कोणाला आधी कळवायचं, कोणाला सावकाश. "जातानाही क्रम सोडला नाही गं यांनी," काकू रडता रडता हसल्या. आणि अगदी तळाशी एक ओळ होती. 'वाचायला नंदाला बोलवा. तिला मुद्दा बरोबर सापडतो.'

मुख्य मुद्दा तळाशी दडवला होता काकांनी. सवयीने मी पर्समधून पेन्सिल काढली, पण समासात काही लिहवेना.