टिक वाजला काय?

फोन उचलला की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "टिक वाजला काय?"

पलीकडच्या माणसाने तोवर दहा वेळा मशीन बंद-चालू करून जीव नकोसा करून घेतलेला असायचा. नेट नाही, मेल नाही, काहीच नाही, हे त्याला सांगायचं असे. मामा शांतपणे म्हणत, "वाका. टेबलाखाली वाका. वायर काढा, परत घाला. टिक वाजला काय ता सांगा." पाचव्या मजल्यावरच्या एका बड्या साहेबाला त्यांनी टायसकट टेबलाखाली घातलं होतं. साहेब बाहेर आले ते केसांत जळमटं घेऊन, पण नेट सुरू झालं होतं. मामा एवढंच म्हणाले, "वाकल्याशिवाय नाय ओ होणा."

तुमच्याही ऑफिसात असं कुणीतरी असेल. अडलं की ज्याची आठवण होते आणि सुटलं की ज्याचं नावही कुणाला सांगता येत नाही. ऑफिसातल्या वायरी जोडणाऱ्या ह्या माणसाला सगळे नुसतं मामा म्हणत. मी रोज त्यांच्यासोबत काम करायचो, पण मलाही त्यांचं पूर्ण नाव एका कागदावर वाचूनच कळलं. त्या कागदाबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं ऑफिस परळला, एका बंद पडलेल्या मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या बिल्डिंगीत. त्याच मिलमध्ये मामांनी अकरा वर्षं माग चालवले होते. संपात ते बाहेर आले आणि ते गेट त्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. मग लालबागला भाजी विकली, केबलवाल्या भाच्याबरोबर गच्च्यांवरून वायरी ओढल्या, आणि वीस-बावीस वर्षांनी कंत्राटी कामगाराचा पास गळ्यात घालून त्याच गेटातून ते आत आले. तो पास ते घरी गेल्यावरसुद्धा लवकर काढत नसत म्हणे.

"एकदा ह्या गेटानं माका भायर काढल्यान," ते मला म्हणाले होते. "आता साठ पुरी झाली की माझो मी जातलंय. हार घालून. कोणी घालवलो म्हणून नाय."

साठीला त्यांना चार वर्षं राहिली होती.

मी तेव्हा नेटवर्कच्या खात्यात नवा होतो. माझे वडील त्याच मिलच्या सूतखात्यात होते. संपानंतर ते घरी बसले ते बसलेच. करी रोडच्या आमच्या खोलीत चार माणसं, कमावता मी एकटा, आणि मलाही कायम व्हायला अजून दोन महिने होते. बिल्डिंगीतली एकही खिडकी उघडायची नाही. मला कधीकधी तिथे घुसमटायला व्हायचं. मी तसं बोलून दाखवलं तर मामा हसले. "मागावर पण खिडकी नाय उघडायची. धागो सुकून तुटता ना. माका सवय आसा." सवय मलाही होणार आहे हे मला त्या हसण्यात दिसलं आणि मी विषय बदलला.

काम म्हणाल तर साधं होतं. मशीन सुरू झालं की ते वायरीतून हाक मारतं, आणि सर्व्हररूममधली पेटी त्याला एक नंबर देते. नंबर मिळाला तर मशीन बाकीच्यांशी बोलणार. हाक पोचली नाही तर थोडा वेळ वाट बघून ते स्वतःच एक नंबर घेऊन बसतं. तो कायम एकशे एकोणसत्तरने सुरू होतो आणि त्याचा उपयोग शून्य. मामांना इंग्रजी स्क्रीनवरचं बाकी काही वाचता येत नसे, पण हा आकडा ते लांबून ओळखत. "मनानच नंबर लावून घेतल्यान बघ," असं म्हणत ते गुडघ्यांवर बसत.

मग त्यांची बोटं वायरीवरून चालत. खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली, उंदराने कुरतडलेली, वरून धड पण आतून तुटलेली जागा ते न बघता सांगत. हिशेबखात्यातल्या बाईंनी प्लगची तुटलेली खिट्टी केसांची पिन खोचून बसवली होती, तीही त्यांनीच शोधली. पिन बाईंना परत करून ते म्हणाले, "ही तुमका शोभता, त्येका नाय."

टिक वाजला का, हे ते शेजारी बसलेल्यालाही का विचारतात ते मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. त्यांना स्वतःला ते ऐकूच येत नसे. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान कधीच गेले होते. समोरच्याच्या ओठांवरून ते बोलणं ओळखत, आणि फोनचा आवाज पूर्ण वाढवून उरलेलं अंदाजाने भागवत. मागावरचे सगळे असेच ओठांवर बोलायचे म्हणे, आवाज न काढता. मलाही त्यांनी ते शिकवलं. मी काचेच्या सर्व्हररूममध्ये आणि ते बाहेर, अशा आमच्या तासन्‌तास गप्पा चालत. आज माशाचं कालवण, मुलगी पहिलटकरीण, साहेबाचं डोकं फिरलंय. कुणाला पत्ता लागत नसे.

मागावरची आणखी एक सवय त्यांच्या हातात राहिली होती. सुटं टोक त्यांना बघवत नसे. तिथे धागा तुटला की आधी गाठ मारायची, बाकीचं नंतर. इथे लोंबकळणारी वायर दिसली की मोकळ्या भोकात ती घालायची आणि ओळखीसाठी तिला लाल सुताची बारीक गाठ मारायची. बिल्डिंगभर त्यांच्या गाठी होत्या.

एका शनिवारी मी सातव्या मजल्यावरची टेबलं हलवली. एका वायरीचं एक टोक जोडणीच्या डब्यात, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात तिथे होतं, दुसरं मी तिथेच जमिनीवर सोडलं आणि घरी गेलो. एक टोक जोडलेलं असताना दुसरं सुटं सोडायचं नाही, असा आमच्या खात्याचा लेखी नियम होता. मला घाई होती, एवढंच कारण.

सोमवारी सकाळी मामांना ते टोक दिसलं. त्यांनी ते जवळच्या मोकळ्या भोकात घातलं, टिक वाजला हे बोटांनी चाचपलं आणि लाल गाठ मारली. ते भोक त्याच डब्याचं होतं. दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली. मग प्रत्येक मशीनची हाक त्या वायरीत शिरायची, फिरून परत यायची, पुन्हा शिरायची. नव्या हाकेला बाहेर पडायला वाटच उरली नाही. पाऊण तासात मजल्यावरची सगळी मशीनं एकशे एकोणसत्तर लावून बसली. परदेशातलं गिऱ्हाईक पडद्यासमोर वाट बघत राहिलं आणि ते काम हातचं गेलं.

दुपारी बाहेरच्या इंजिनियरने वायर शोधली. त्याने ती वर धरली आणि सगळ्यांनी लाल गाठ पाहिली.

मॅनेजरने मामांना काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. मी बाहेर उभा होतो. दार अर्धवट उघडं होतं.

"ये आपने लगाया?"

"हो साहेब. मीच."

"और ये वायर नीचे खुली किसने छोडी थी?"

मामांनी मान वर केली आणि काचेतून माझ्याकडे पाहिलं. शनिवारी मीच तिथे होतो, हे त्यांना पक्कं माहीत होतं. माझं तोंड उघडलंही असेल. त्यांचे ओठ हलले, आवाज न करता. "गप रव." आणि मग मॅनेजरकडे वळून ते मोठ्याने म्हणाले, "माका ठाऊक नाय साहेब."

मी गप्प राहिलो. त्यांनी सांगितलं म्हणून राहिलो असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावलं. ते खरं नाही. त्यांनी सांगितलं नसतं तरी मी गप्पच राहिलो असतो.

संध्याकाळी अहवाल टाइप झाला. चूक कुणाची त्या रकान्यात मामांचं पूर्ण नाव होतं. मी ते तिथे पहिल्यांदा वाचलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

पास त्यांनी गळ्यातून काढला आणि वॉचमनच्या हातात दिला. मी गेटापर्यंत गेलो होतो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बापूस घरी बसलेलो आसा तुझो. एका घरात एक पुरे." मग ते लालबागच्या दिशेने चालू लागले. मागून हाक मारण्यात अर्थ नव्हता, त्यांना ती ऐकू गेली नसती.

दोन महिन्यांनी मी कायम झालो. पेढे वाटले. लालबागला जायचं मात्र आज-उद्या करत राहिलो, तोंड दाखवायची हिंमत होत नव्हती. मामा गेल्याचं कळलं तेव्हा सहा वर्षं उलटली होती.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत गेलो. मामींनी मला कधी पाहिलं नव्हतं. मी नाव सांगितलं तशा त्या उठून बसल्या. सगळं कबूल करायचं असं मी ठरवून गेलो होतो, वाक्यंसुद्धा जुळवली होती. मी सुरुवात करायच्या आत त्यांनीच विचारलं, "नोकरी आसा मा रे तुझी?"

मी मान हलवली.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "सारखे इचारायचे. परळाकडचा कोण येवदे, तुझी चवकशी करायचे. पोराची नोकरी आसा मा?"

जुळवलेली वाक्यं तशीच राहिली. मी म्हटलं, "आहे मामी. अजून तिथेच आहे."