बैठकीत मागितलेली मोटरसायकल

माणसाला एखादं वेड असावं, पण ते पोराच्या लग्नाच्या आड येऊ नये. आमच्या ह्यांचं, म्हणजे रंगरावांचं वेड म्हणजे त्यांची जुनी मोटरसायकल. ते मॉडेल कंपनीनं कधीच बंद केलं. तरी ह्यांचं चालूच, "एवढा एक कार्बोरेटर मिळू दे यशोदा, मग बघ कशी पळते!" हे सुटे भाग शोधायचे ती कुदळवाडीतली भंगारची दुकानं पाडली, तेव्हा ह्यांना जेवण गेलं नव्हतं. सख्खा भाऊ गेल्यासारखे बसून होते मेले.

आमचा गणराज चाकणला कंपनीत कंत्राटी होता, तोवर एक स्थळ फिरकेना. यंदा पर्मनंट झाला आणि रहाटणीचं स्थळ आलं. दिव्या नाव. लॅबमध्ये कामाला, बोलायला ठसकेबाज. फोटोतच पोराच्या मनात भरली, माझ्याही. मुलगी बघायला त्यांच्याकडे जाताना वाटेत मी ह्यांना बजावलं, "तिथं गाडीचं नाव काढायचं नाही."

आणि त्यांच्या पार्किंगमध्ये, ताडपत्रीखाली, अगदी तसलीच गाडी! संपलं.

वर पोहे आले. हे ना पोह्यांकडे बघतात, ना मुलीकडे. खिडकीतून खाली डोळे. मुलीचे वडील हरिहरराव हात जोडून म्हणाले, "आपली काही अपेक्षा?"

इथं 'फक्त मुलगी आणि नारळ' म्हणायचं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. हे म्हणाले, "खालची मोटरसायकल."

दिव्यानं ट्रे आपटला. "हुंडा मागताय? उठा आधी!"

गणराज खरंच उठायला लागला. मला तर रडूच फुटायचं बाकी होतं.

"अगं पोरी, गाडी नको," हे गडबडले, "माझ्याकडं तसलीच आहे, तिला हिचा कार्बोरेटर तेवढा..."

हरिहरराव ताडकन उठले. "मुलगी देतो, कार्बोरेटर मिळणार नाही!" मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या गाडीचे साइड पॅनल मूळचे आहेत का हो?"

"दोन्ही बाजूंचे!"

झालं! दोघं चप्पल न घालताच खाली पळाले.

गणराज चाचरत दिव्याला म्हणाला, "आमच्याकडे देवघरासमोर बसून इंजिन खोलतात."

"आमच्याकडे माझ्या टूथब्रशनं गाडीचा प्लग घासतात," असं म्हणून दिव्या एकदम फस्सकन हसली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, मी येताना दोन ब्रश आणीन."