तेरा पावलांचा महाकाय पडदा

माझ्या मायची नजर साखरेनं खाल्ली. टीव्हीवरच्या बाया तिला धुरातल्या सावल्यांसारख्या दिसतात. पण दोन वर्षांपूर्वी मी तिला नागपूरला महाकाय पडद्याचा सिनेमा दाखवला, आणि आमच्या अख्ख्या सोनाळा गावात तिनं महिनाभर भाव खाल्ला. हिरोच्या नाकपुडीत आमची बंडी बैलांसकट उभी राहिली असती. व्हिलन शिंकला तेव्हा पुढच्या तीन रांगांनी रुमाल काढले. शेताचा धुरा, म्हणजे बांध, पावलांनी मोजायची आमच्याकडची सवय. सिनेमा सुटल्यावर मी पडद्याखालून चालत गेलो. अठ्ठावीस पावलं भरली. मायला माणसांची तोंडं दिसली होती, आणखी काय पाहिजे.

यंदा तोच पडदा जवळच्या शहरातल्या मॉलमध्ये आला, अशी जाहिरात वाचली. मायनं ठेवणीतलं लुगडं काढलं. पाटी तीच, नाव तेच, खुर्ची हादरवणारा आवाजही तोच. पाच मिनिटांनी माय म्हणाली, "काऊन रे, पडदा पुरा उघडला नाही का अजून?"

मध्यंतरात मी खाली उतरलो. तेरा पावलं. रागानं आखडती पडली असतील म्हणून उलटा मोजत आलो, तरी तेराच. टायवाला मॅनेजर धावत आला.

"सर, काय करताय?"

"धुरा मोजून राह्यलो. अर्धं वावर कोणं दाबलं ते पाहतो."

"सर, टेक्नॉलॉजी सेम आहे. साइज हॉलप्रमाणे असते."

"मंग बाहेर महाकाय काऊन लिहिलं? हॉलप्रमाणे लिहा ना."

म्हणजे जुन्याच हॉलला नवी पाटी ठोकायची आणि आम्हाला मोजता येत नाही असं धरून चालायचं. वावरात कोणी असं करून पाहावं, संध्याकाळपर्यंत तहसीलदार बांधावर उभा असतो.

तोवर माय कठडा धरून खाली आली आणि जत्रेतल्या तंबूत सिनेमाला बाया बसायच्या तशी पडद्यापुढे जमिनीवर बसली.

"आजी, तुमची सीट वर आहे," मॅनेजर म्हणाला.

"राहू दे तिथंच, बापू. मले इथून दिसते का पाहू दे."

सिनेमा सुरू झाला. मी शेजारी टेकलो. "दिसते का माय?"

"रंग दिसतात. तोंडं नाही दिसत." कान माझ्याकडे करून म्हणाली, "तू सांग."

मी सांगायला लागलो, अर्थात थोडं वाढवून. मागून लोक शुकशुक करू लागले. म्हटलं, तक्रार त्या टायवाल्याकडे करा. पडद्याचं उरलेलं काम मी करून राह्यलो. आणि आवाज चढवला.