अण्णांचं ‘बास’

गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग आणि हातात मासे धरायचा गळ, असा माणूस मी तरी एकच पाहिला. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. मुरुमला जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या फाट्याला एसटी थांबते त्याच्या समोर, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून द्यायचं त्यांचं दुकान आहे. त्यांच्या घरात आजवर कुणी अंडंसुद्धा शिजवलेलं नाही. त्यामुळे फाट्यावरचं कुणीतरी रोज विचारायचंच, “काय अण्णा, गळ्यात लिंग आन् हातात गळ?” अण्णा मान वर न करता म्हणायचे, “धरतोय व्हय. खातोय का?” विचारणारा हसून पुढं जायचा. मला मात्र हे उत्तर कुठंतरी अपुरं वाटायचं, आणि त्यात काय कमी आहे तेही सांगता यायचं नाही.

मी मुरुमच्या कॉलेजात जायला लागले तेव्हा गाडीची वाट बघत त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसायचे. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अण्णा मोटारीत तांब्याची तार भरताना मनात वेढे मोजत. तेव्हा कुणीही आलं तरी बोलत नसत, फक्त एक हात वर करत. मोजणी संपली की हात पुसून टेबलाच्या खणातून बेडूक काढत.

बेडूक म्हणजे मासे भुलवायला जुन्या स्लिपरच्या तळव्यातून कापलेला. पोटाखाली तांब्याच्या तारेचे चार वेढे, म्हणजे पाण्यात पालथा पडत नाही. मागं दोन रबरी पट्ट्या, ते पाय. गळाचं टोक रबरात अर्धं लपवलेलं असायचं. त्यामुळे गावच्या तलावातल्या पाणवेलींवरून ओढला तरी तो कुठं अडकत नसे, आणि मरळ जातीच्या मासळीनं तोंडात धरला की रबर दबून टोक बाहेर येई. टोकाजवळचा उलटा काटा अण्णा कानशीनं घासून काढत. मी कारण विचारलं तर म्हणाले, “काडताना तोंड फाटू न्हाय तिचं.”

हे सगळं ते मोबाइलवर शिकले होते. टोपी आणि काळा चष्मा घातलेला एक अमेरिकन माणूस होडीत उभा राहून गळ कसा बांधायचा ते दाखवायचा. अण्णांना इंग्रजी येत नाही. ते फक्त त्याचे हात बघत. एक दिवस मोबाइल माझ्यापुढं धरून म्हणाले, “पोरी, तू कालेजला जातीस. हा काय म्हणतोय बग की.”

मी ऐकलं. पुन्हा ऐकलं. दोन-तीन शब्द सोडले तर मला काहीच कळलं नाही. पण मी कॉलेजला जाते हे सगळ्या फाट्याला माहीत होतं.

“हितं बग,” अण्णा म्हणाले. “मासा वर धरतोय, बास म्हणतोय आन् सोडून देतोय. आपलंच बास हाय न्हवं?”

खरंच, जरा तोंड वाकडं करून, पण तो ‘बास’च म्हणत होता. मी म्हणाले, “हो अण्णा. बास म्हणजे बासच.”

त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की मला भीतीच वाटली. मग त्यांनी सांगितलं. लहानपणी ओढ्यावर गळ टाकताना वडिलांनी त्यांना पाहिलं होतं. मारलं नाही, रागावले नाहीत, फक्त दोन दिवस जेवले नाहीत. त्यानंतर अण्णांनी गळाला हात लावला नव्हता, तो थेट आता, डोकं पांढरं झाल्यावर. “मग हा गडी दिसला. धरायचं, बास म्हणायचं, सोडायचं. साकु.” साकु म्हणजे कानडीत बास. घरी ते कानडीही बोलतात. “आमच्या वडलांना दाखवलं असतं,” म्हणाले, आणि पुन्हा तार घेऊन बसले.

काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे मुळीच पटत नव्हतं. तलावावरून आले की अंगणातल्या नळाखाली आंघोळ केल्याशिवाय त्या अण्णांना उंबरा ओलांडू देत नसत. एकदा डबा घेऊन दुकानात आल्या आणि टेबलावरचा बेडूक बघून म्हणाल्या, “सोडायचीच हाय तर धरायची कशाला? जीव न्हाय का तिला?”

“हिला इचार,” अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. “कालेजातली हाय. अमेरिकेत बी बासच म्हणतेत, मग सोडतेत. सगळीकडं तसंच हाय.”

काकू माझ्याकडं वळल्या. “व्हय गं?”

मी मान हलवली.

“मग आसंल,” त्या म्हणाल्या. “शिकलेल्या लेकराला कळतंय.” त्या दिवसापासून नळावरची आंघोळ बंद झाली. माझ्या एका मान हलवण्यानं एखाद्या घरातला नियम बदलेल असं मला वाटलं नव्हतं.

आमचं रान तलावाच्या वरच्या अंगाला आहे. रविवारी सकाळी माझे वडील तिथं पाणी देत असायचे, तेव्हा मी बांधावरून उतरून अण्णांचा व्हिडिओ काढायचे. ते मोबाइलकडं न बघता माझ्याकडं बघून बोलायचे, “तर मंडळी, टोक आसं लपवायचं. दिसलं न्हाय पायजे, पण आसलं पायजे.” मग मरळ लागली की दोन्ही हातांनी वर धरून मोठ्यानं म्हणायचे, “बास!” आणि सोडून द्यायचे. व्हिडिओ नेटवरच्या त्यांच्या खात्यावर आणि गावाच्या ग्रुपवर टाकला की खाली सगळे लिहायचे, “अण्णा, रस्सा कुठाय?” अण्णा खूश व्हायचे.

दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजच्या वाचनालयात मी एक इंग्रजी शब्द शोधत होते. जाड कोशात ‘बास्केट’च्या खाली ‘बास’ दिसला. अर्थ दिला होता, एक प्रकारचा मासा. मी तीनदा वाचलं. म्हणजे तो अमेरिकन माणूस थांबा म्हणत नव्हता. हातातल्या माशाचं नाव सांगत होता. पण सोडून तर देत होता ना? मग चुकलं नेमकं काय? की काहीच चुकलं नव्हतं? मला ते नीट लावता येईना.

त्याच आठवड्यात कुणीतरी अनोळखी माणसानं अण्णांच्या व्हिडिओखाली लिहिलं, “काका, बास हे माशाचं नाव आहे. मरळ धरून बास काय म्हणताय?” त्यांचं खातं मीच उघडून दिलेलं, माझ्याही मोबाइलवर होतं. मी ते वाक्य पुसून टाकलं. अण्णांना वाईट वाटू नये म्हणून पुसलं, की माझं खोटं उघडं पडू नये म्हणून? तेव्हाही ठरवता आलं नाही. पुढचा महिनाभर पायरीवर न बसता मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिले.

शेवटी एका सकाळी गेले. अण्णा तार भरत होते. त्यांनी हात वर केला, पण मी थांबले असते तर परत फिरले असते. म्हणून बोलूनच टाकलं. “अण्णा, मी चुकीचं सांगितलं. बास म्हणजे मासा. तिकडं त्या माशाचं नावच तसं आहे.”

त्यांचा हात थांबला. मोजणी चुकली होती. त्यांनी सगळी तार हळूहळू उलगडायला घेतली.

“मग सोडताना काय म्हणतोय त्यो?”

“कळत नाही, अण्णा. मला त्याचं बोलणं पहिल्या दिवसापासूनच कळत नाही.”

“मग तसं म्हणायचं न्हाय का?” ते म्हणाले. “मलाबी कळत न्हाय. दोघं मिळून बगितलं आसतं.”

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. गाडी आली, मी चढले. मागं वळून पाहिलं तर ते तार उलगडतच होते.

त्यानंतर दोन महिने अण्णा तलावावर गेले नाहीत. वडील म्हणाले, पाणी आटलंय म्हणून. मला तसं वाटलं नाही. त्यांनी घरी काकूंना काय सांगितलं, नळावरची आंघोळ पुन्हा सुरू झाली का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. पुढच्या शिक्षणासाठी सोलापूरला निघाले त्या दिवशी अण्णांनीच माझी बॅग एसटीत चढवली. खिडकीतल्या जागेवर रुमाल टाकला, कंडक्टरला माझ्याकडं लक्ष ठेवायला सांगितलं आणि माशांविषयी एक शब्दही न बोलता खाली उतरले.

पावसाळ्यानंतर होस्टेलवर मला त्यांचा एक व्हिडिओ आला. सोबत काही लिहिलेलं नव्हतं. मोबाइल इतका हलत होता की अर्ध्या चित्रात आभाळच होतं. अण्णा गुडघाभर पाण्यात उभे. हातात चांगली हातभर मरळ. ते पहिल्यांदाच थेट मोबाइलकडं बघून, शाळेत धडा म्हणावा तसं म्हणाले, “ही मरळ. आमच्या तलावातली.” मग खाली वाकले आणि तिला पाण्यात ठेवलं. ती लगेच गेली नाही. त्यांच्या तळहातावर तशीच, कल्ले हलवत राहिली. त्यांनीही हात काढला नाही.

मला वाटलं होतं, मोबाइल गावातल्या कुणा पोराच्या हातात असेल. तेवढ्यात अगदी जवळून आवाज आला, “ग्येली का?”

काकूंचा आवाज होता.

“न्हाय आजून,” अण्णा म्हणाले. “हालवू नको.”