प्रॉमचा ड्रेस आणि शिवणीतली माया

इयर इलेव्हनच्या, म्हणजे आपल्या दहावीसारख्या, परीक्षा संपल्या की इथे इंग्लंडात शाळांत प्रॉम असतो. मुलं नटूनथटून नाचायला जातात आणि आईबाप घरात लग्न निघाल्यासारखे खर्चात पडतात. आमच्याकडे नेमकी त्याच वर्षी माझी ब्रॅकनेलमधली नोकरी गेलेली. लेकीनं आपण होऊनच जाहीर केलं, "मला नाही जायचं. प्रॉम बोअरिंग असतो." मग सोफ्यावर पाय घेऊन मैत्रिणींच्या ड्रेसचे फोटो तासभर न्याहाळत बसली.

बायको हॉस्पिटलात ड्यूटीवर, मी घरी रिकामा. शनिवारी लेकीला जवळजवळ ओढतच चॅरिटी शॉपमध्ये, लोकांनी दान केलेले कपडे स्वस्तात मिळतात तिथे, नेलं. तिथे एक मोरपिशी, पायघोळ गाऊन मिळाला. चेंजिंग रूममधून बाहेर आली तेव्हा पोरीचा चेहरा असा काही खुलला होता! फक्त पाठीची चेन अर्ध्यावर अडकलेली.

"टाइट आहे, बाबा. सोड."

"अगं, त्यात काय! आत माया असते. उसवायचं आणि मोठं करायचं."

माया म्हणजे शिवणीत दाबून ठेवलेलं जादा कापड. लहानपणी आमचा शिंपी शाळेच्या शर्टात इतकी माया सोडायचा की शर्ट फाटायचा, पण आखूड काही व्हायचा नाही. जगातला यच्चयावत कपडा असाच शिवतात, अशी माझी प्रामाणिक समजूत.

घरी आल्या आल्या मी कात्री घेऊन दोन्ही बाजू उसवल्या. आत नखभरसुद्धा जादा कापड नव्हतं. व्यवसायानं मी सॉफ्टवेअर टेस्टर. 'आधी तपासा, मग हात घाला' हे लोकांना सांगण्याचा मला पगार मिळत असे.

बायको आली. टेबलावर गाऊन पोट फाडल्यासारखा पसरलेला.

"अरे, हा रेडीमेड आहे! रेडीमेडला कुठली आलीय माया?"

"मला वाटलं—"

"तू नको वाटून घेत जाऊस."

लेक दारातून म्हणाली, "इट्स फाइन, मम्मी. मला तसं पण जायचं नव्हतं." ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

बायकोनं पलंगाखालची सुटकेस ओढली. आत स्टॅनमोरपासून ब्रिस्टलपर्यंतच्या हळदीकुंकवांत मिळालेल्या ब्लाउजपीसांची चळत. हे कुणी शिवत नाही. एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत फिरत राहतात.

"हा तर मीच दिला होता," ती एक पिवळा तुकडा उलटापालटा करत म्हणाली. "देशपर्यटन करून परत आला."

लेक हसली. मग खाली बसून स्वतःच ढिगात हात घालू लागली. जरीच्या काठाचा एक जांभळा तुकडा तिनं गाऊनला लावून बघितला. "हे. बट काठ दिसला पाहिजे, हं!"

बायकोनं दोन्ही बगलांपासून कमरेपर्यंत जांभळ्या पट्ट्या जोडल्या. मला फक्त इस्त्रीची परवानगी होती, तीही देखरेखीखाली. चेन सुळकन वर गेली.

"हात वर कर," मी म्हणालो, "लोड टेस्टिंग."

तिनं किचनमध्येच दोन्ही हात वर करून उड्या मारल्या, गिरकी घेतली, मग मलाही ओढलं. माझा नाच बघून म्हणाली, "बाबा, प्लीज शाळेच्या आत येऊ नकोस." म्हणजे जाणार होती तर!

प्रॉमच्या दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती झोपलेली. खुर्चीवर गाऊन पडला होता. मी हळूच उचलून तपासला. जांभळ्या पट्ट्यांचा एक टाका हलला नव्हता. खांद्यावरची कंपनीची शिवण मात्र नाचून नाचून पार काखेपर्यंत उसवली होती. बायकोला दाखवली. दोघंही त्या भोकाकडे कितीतरी वेळ कौतुकानं बघत राहिलो.