लूर्डसबाईंच्या पानाला लागलेला डाग

आरोंद्याच्या खाडीला घाई माहीत नाही. समुद्राचे पाणी मुखातून आत शिरते, खाजणातल्या खारट शेतांच्या बांधाला अंग घासत, कांदळाच्या मुळांत रेंगाळत वर चढते, आणि लूर्डसबाईंच्या धक्क्याला लागेपर्यंत बंदरातल्या वेळेपेक्षा पाऊण तास मागे पडलेले असते. कधी पाऊण तास, कधी पस्तीसच मिनिटे. पौर्णिमेला वेगळे, अष्टमीला वेगळे. हा उशीर कुठल्या छापील तक्त्यात नाही. तो लूर्डसबाईंच्या बावीस वह्यांत आहे.

बाई गावच्या मराठी शाळेत गणित शिकवत. नवरा कॉस्मे होडीवाला. तो पाण्याबरोबर जाई आणि पाण्याबरोबर परते, म्हणून भात कधी चढवायचा ते कळावे एवढ्यासाठी बाईंनी धक्क्याच्या खांबावर खुणा केल्या आणि भरती-सुकतीच्या वेळा लिहायला घेतल्या. कॉस्मे गेला, वह्या थांबल्या नाहीत. पुढे म्हापशाला कम्प्युटरच्या दुकानात असलेल्या भाच्याने, एल्टनने, त्या आकड्यांची वेबसाइट करून दिली. एकच पान. वर तारीख, खाली चार वेळा. जाहिरात नाही, फोटो नाही. दर रविवारी चर्चमधल्या मिसाहून आल्यावर बाई पुढच्या आठवड्याच्या वेळा स्वतः भरत. होडीवाले, चिखलातून तिसऱ्या-शिंपल्या काढणाऱ्या बायका, पाहुण्यांना खाडी दाखवणारे, सगळे सकाळी चहाआधी ते पान बघत. पाच वर्षांत कुणी म्हटले नाही की बाईंचे पाणी चुकले.

अशा बाईला एका यंत्राने चोर ठरवले.

झाले असे की मच्छीमार सोसायटीच्या एका सभासदाला खोट्या मेसेजने ठकवले. म्हणून सोसायटीने ऑफिसच्या कम्प्युटरवर आणि सभासदांच्या फोनवर अँटीव्हायरस बसवून घेतला. बरे केले. पण तिसऱ्याच आठवड्यात कारकून निलेशने बाईंचे पान उघडले तेव्हा सगळा पडदा तांबडा झाला आणि मधोमध अक्षरे उमटली की ही साइट धोकादायक आहे, इथे तुमची माहिती चोरली जाऊ शकते. बाईंचे घर ऑफिसपासून पाच मिनिटांवर. निलेश त्यांच्याच हाताखाली पाढे शिकलेला. पण त्याने त्या तांबड्या पडद्याचा फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिले, भरतीच्या पानावर कोणी जाऊ नये.

बाई त्या ग्रुपात नव्हत्या. त्यांच्या फोनवर असला पहारेकरी नव्हता, त्यामुळे त्यांना त्यांचे पान नेहमीसारखेच पांढरे दिसत होते. गोष्ट कळली ती बाजारात. मासळी विकणाऱ्या किशोरीने बाईंना येताना बघितले आणि पाटीवर ठेवलेला फोन उचलून पदराखाली सारला, जणू बाईंची नजर पडली तरी बँकेतले पैसे उडतील. बाईंनी विचारले तेव्हा ती आधी हसली, मग तिने सगळे सांगितले. बाई बांगडे न घेताच परतल्या.

त्यांना रडू आले नाही. राग आला. चाळीस वर्षे ज्या बाईने मुलाच्या वहीतला अर्धा गुण कुठे कापला तेही बोलावून समजावले, तिला कुणी काही विचारलेसुद्धा नव्हते. गावात नारळ चोरणारा सापडला तरी त्याला देवळासमोर उभा करतात, बाबा तुझे काय म्हणणे ते सांग म्हणतात. इथे ना उभे केले, ना विचारले. थेट कपाळावर डाग.

त्याच आठवड्यात सर्वेशची होडी अडकली. सर्वेश पाहुण्यांना खाडीच्या मुखापर्यंत नेतो. पान उघडेना, म्हणून त्याने बोटांवर तिथी मोजून सुकतीचा अंदाज बांधला आणि त्यात एका दिवसाची चूक केली. साडेचारला होडी वाळूच्या पट्ट्यावर टेकली ती काळोख पडल्यावर सुटली. आत सात माणसे, त्यात एक तान्हे मूल, प्यायचे पाणी संपलेले. दुसऱ्या दिवशी तो बाईंच्या अंगणात आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाई, तुमचां पान बघूक गेलंय तर माझो फोन तुमका चोर म्हणता. मी काय करू?"

बाईंनी त्याला चहा दिला आणि लगेच एल्टनला फोन लावला.

एल्टनने चौकशी करून सांगितले ते असे. स्वस्त पडते म्हणून त्याने बाईंचे पान जिथे ठेवले होते, तिथे एकाच पत्त्यावर आणखी शेकडो साइटी होत्या. त्यातली एक लबाड निघाली आणि अँटीव्हायरसवाल्यांनी सगळा पत्ताच काळ्या यादीत टाकला. त्याने बाईंचे पान साठ-सत्तर वेगवेगळ्या पहारेकऱ्यांकडून तपासून घेतले होते. बाकी सगळ्यांनी स्वच्छ म्हटले, बोंब मारली ती या एकानेच. म्हणजे शेजारच्या खोलीत चोर सापडला म्हणून सबंध चाळ तुरुंगात.

निलेशला हे कळले तेव्हा तो बाईंच्या घरी आला. त्याने तोड काढली होती: सोसायटीच्या कम्प्युटरवर आणि प्रत्येकाच्या फोनवर तो बाईंच्या पानाला तेवढी सूट देईल, नाहीतर पान बघण्यापुरता अँटीव्हायरस बंद करायला शिकवील. दोन मिनिटांचे काम.

बाईंना ते मुळीच पटले नाही. पहारेकरी झोपवायचा नाही, त्या म्हणाल्या. उद्या खरा चोर आला तर पाप माझ्या माथी. आणि सूट गुन्हेगाराला देतात. "माझां नाव चवाट्यार काळां केलंस," त्या म्हणाल्या, "आणि आता माका मागल्या दारान भितर घेतंस?"

मग बाईंनी कंपनीला लिहिले. कंपनीच्या साइटवर चुकीच्या इशाऱ्याची तक्रार करायचा रकाना होता, त्यात तीनशे अक्षरे मावत. चाळीस वर्षांची अब्रू तीनशे अक्षरांत. बाईंनी इंग्रजीत लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले. दोन दिवसांनी उत्तर आले की तुमची विनंती बंद करण्यात आली आहे. कोणी बंद केली, का केली, खाली नाव नाही. खाडीत दगड टाकला तर बुडूक तरी वाजते.

एल्टनने पान हलवून स्वतंत्र पत्त्यावर नेले. बाकीच्या पहारेकऱ्यांचे निकाल जोडून बाईंनी दुसरी तक्रार केली. अकराव्या दिवशी दोन ओळी आल्या: तपासणी केली, ही साइट यापुढे अडवली जाणार नाही. बाईंनी त्या ओळी तीनदा वाचल्या. त्यात 'चूक' हा शब्द नव्हता. 'माफ करा' तर नव्हतेच. डाग लावताना सगळा पडदा तांबडा केला, अक्षरे बोटाएवढी; पुसताना मात्र कुणाला कळू दिले नाही. सोसायटीच्या फोनांवर काहीच उमटले नव्हते. गावाच्या लेखी बाई चोर त्या चोरच.

दुसऱ्या दिवशी मासळीचा लिलाव चालू असताना बाई सोसायटीत गेल्या. इस्त्रीची साडी, पायात रविवारच्या चपला. त्यांनी निलेशला कम्प्युटर दाराकडे वळवून पान उघडायला सांगितले. पान उघडले. पांढरे, वर तारीख, खाली चार वेळा. चारपाच होडीवाले डोकावले. मग त्या म्हणाल्या, ग्रुपवर लिही की तुझी चूक झाली.

निलेश कानापर्यंत लाल झाला. "बाई, माझी खंयची चूक? कम्प्युटरान सांगल्यान."

"कम्प्युटरान तुका सांगल्यान," बाई म्हणाल्या. "गावाक सांगलंस तू."

निलेशने बाईंकडे बघितले, मग फोन हातात घेतला. दोनदा लिहिले, दोनदा खोडले. बाई उभ्याच राहिल्या. कुणी खुर्ची पुढे केली ती त्यांनी घेतली नाही. शेवटी टोपल्यांच्या आसपास, कमरांना, खिशांत, एकामागून एक फोन वाजले. निलेशने लिहिले होते की भरतीचे पान चांगले आहे, मी बाईंना न विचारता खोटे पसरवले, माझी चूक झाली.

बाईंनी ते निलेशच्या फोनवर वाचले. 'चूक'मधला दीर्घ उकार चुकलेला नाही हेही बघितले. कंपनीवरचा राग तसाच होता, तिला तिसरे पत्र जाणार होते. पण त्याबद्दल इथे बोलण्यासारखे काही नव्हते.

सर्वेशने आपल्या फोनवर पान उघडले. अंगठा जरा वर धरून त्याने वाट बघितली, पडदा पांढराच राहिला. त्याने ओठ हलवत सुकतीची वेळ वाचली, पुन्हा वाचली, आणि बाजूला जाऊन पाहुण्यांना फोन लावला. उद्या अर्धा तास आधी या, तो त्यांना सांगत होता, साडेतीनला आपल्याला परत फिरावे लागेल.