वाफ्यावाफ्यानं इंग्रजी

मॅट्रिकला मी इंग्रजीत दोनदा आपटलो होतो. तिसऱ्या खेपेला वडिलांनी सांगून टाकलं, "यंदा पास झाला तं नोकरी पाह्य. नाई तं मोटेवर ये." मंगरूळपीरच्या बाजारात भाजी नेणारं आमचं घर. मोटेचे बैल माझं एक ऐकत नसत, उलट मलाच हाकत. म्हणून जिवावर उदार होऊन अभ्यासाला लागलो.

इंग्रजीचे मास्तर म्हणत, पत्रात वाक्प्रचार आला की परीक्षक खूश, पण तो सहज यायला हवा. हे सहज प्रकरण मला कधी जमलं नाही. मी वाक्प्रचार पाठ केले ते मळ्यात पाणी देताना, दर वाफ्याला एक. मेथीला 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्स', वांग्यांना 'अ‍ॅट डेथ्स डोअर', कांद्याला 'क्रोकोडाइल टीअर्स' आणि शेवटच्या मिरचीला 'विथ ओपन आर्म्स'. महिनाभरात सगळे तोंडपाठ!

परीक्षेत प्रश्न आला: बहिणीच्या लग्नाचं मित्राला आमंत्रण लिहा. इथं मिरचीच हवी, एवढं मला लगेच कळलं. पण दांडातून वाहणारं पाणी कधी थेट शेवटच्या वाफ्यात गेलंय? मेथीपासून निघाल्याशिवाय मला मिरची आठवेचना. मग काय, लिहिलं सगळं. इकडे धो धो पाऊस आहे, वडील मरणाच्या दारात आहेत, आई नक्राश्रू ढाळते आहे, तरी तू लग्नाला ये, आम्ही दोन्ही हात पसरून तुझं स्वागत करू. एकाही स्पेलिंगची चूक नव्हती. मी शीळ घालत बाहेर पडलो.

वर्तमानपत्रात निकाल आला, त्यात माझा नंबर नव्हता. मला रडूच फुटलं.

"लिवलं तरी काय होतं तू?" वडिलांनी विचारलं.

खोटं बोलायचं त्राण नव्हतं. ओट्यावर बसून सगळं पत्र मराठीत सांगितलं. आई म्हणाली, "मी कायले खोटं रडू?" आणि फणकाऱ्यानं आत गेली. वडील माझ्याकडे वळले.

"मले मराले टेकवलं, तरी पास नाई झाला?"

मी मान खाली घातली.

"फारम भर पुन्हा," ते म्हणाले. "पन या खेपेले माह्यासारखा धडधाकट मानूस घेऊ नको. तुह्या मामाले घे. तो तसाबी सदा कन्हूनच राह्यते."